दुसरा पेरू

पिंप्राळा, जळगाव
९ ऑगस्ट १९८८

ती. भाऊंस,
प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मागितलेला धडा सोबत आहे. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट पोरांना व्याख्येनं कळत नाही. मी वनाला पुढे बोलावून हिलालला पेरू द्यायला लावते. काय दिलं? पेरू, तो डायरेक्ट. कोणाला? हिलालला, तो इनडायरेक्ट. कालवा होतो, पण विसरत कोणी नाही. पेरू दोन लिहिलेत, कारण वाक्य फळ्यावर उतरण्याआधीच हिलाल पहिला खाऊन टाकतो. तुमच्याकडे एकात भागेल.

ऑक्टोबरात तपासणीचे साहेब माझा पाठ बघणार. मला कायम करायचं की नाही, ते त्यावरच आहे. धाकधूक होते. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची,
प्रमिला

धुळे
२१ ऑगस्ट १९८८

चि. सौ. प्रमिला हिस,
तोतारामचे अ. उ. आ.

धडा पोचला. इंग्रजी शिकवतेस की फळांची गाडी लावतेस? वहिनी पोट धरून हसली. शिक्षकांच्या शिबिरात मला बोलायचंय, तिथे काही उपयोग होतो का बघतो. पाठाची काळजी करू नकोस. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
भाऊ

पिंप्राळा
१८ ऑक्टोबर १९८८

ती. भाऊंस,
सा. न. वि. वि.

काल पाठ झाला. टेबलावरचे दोन पेरू पाहून साहेबांनी बॅगेतून तुमच्या शिबिराची पुस्तिका काढली. त्यात माझा धडा, तुमच्या नावानं. वनाचा भिकन केलात, हिलालचा भाईदास, पण 'पेरू दोन घ्यावेत' तसंच राहिलं. साहेब म्हणाले, बाई, उचलेगिरी करताना दुसरा पेरूसुद्धा सोडला नाहीत. धडा माझाच आहे, म्हणून सांगितलं, तर सगळे हसले.

मला फार राग आलाय, भाऊ. पण माझ्या पाठाच्या शेऱ्याचा कागद अजून साहेबांकडेच आहे. धडा प्रमिलाचा, एवढी एक ओळ त्यांना लिहा. दिवाळीच्या आत लिहा.

प्रमिला

धुळे
५ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. प्रमिला हिस,
अ. उ. आ.

तशी ओळ लिहिली तर हेडमास्तरकीसाठी गेलेलं माझं नाव परत येईल. तुला कुठे घर चालवायचंय? जावईबापूंची नोकरी आहे. आई म्हणायची ना, बठ्ठं आपलंच शे, सगळं आपलंच. भाऊबीजेला येणं जमत नाही, साडी पाठवतोय. अंजिरी रंग तुला शोभतो. राग धरू नकोस.

तुझा,
भाऊ

पिंप्राळा
३० नोव्हेंबर १९८८

भाऊ,
नमस्कार.

साडी परत पाठवते आहे. घडी मोडलेली नाही. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. निघताना हिलालनं हातात पेरू ठेवला. त्यानं तो चावलेला नव्हता. मी रस्ताभर रडत आले.

तुम्ही हेडमास्तर व्हाल, तो धडा नव्या मास्तरांना दाखवालही. कोणी विचारील, सर, पेरू दोन कशाला? तेव्हा काय सांगाल? हिलालला तर तुम्ही खोडलंत.

लोभाचं या वेळी लिहीत नाही.

प्रमिला