फोन कोणत्या हातात होता

माय, तू असतीस तर कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून आधी माझं कानशील तापवलं असतंस, मग ऐकून घेतलं असतंस. आता नुसतं ऐक. उधन्याच्या नाक्यावर कापडाचे ताके भरलेल्या टेम्पोनं एका सायकलवाल्याला उडवलं, त्याचा पाय मोडला. टेम्पो चालवत होता तो तिचा भाऊ. हो, एक पोरगी आहे, मी तिच्यापायी वेडा आहे, आणि हे आपल्या वस्तीला, अख्ख्या भेस्तानला ठाऊक आहे. म्हणून तर माझं कोणी ऐकत नाही. मी समोरच उभा होतो. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून त्यानं हात कपाळाशी नेला, बस. गर्दी जमली आणि मागून आलेल्या एकानं, ज्यानं काहीच पाहिलं नव्हतं, विचारलं, "फोन कया हाथमां हतो?" एक बोलला उजव्या, दुसरा बोलला डाव्या. फोन होता का, हे कोणी विचारलंच नाही. चहाच्या लारीवर, त्या हातगाडीवर, कप संपेपर्यंत सगळ्यांनी फोन पाहिलेला होता! मी ओरडलो तर हसले, "जीजाजी बोलतोय रे!"

मला लहानपणची आपली खोली आठवली. खाली लूमचं खातं, कापड विणणाऱ्या मागांची खडखड, दिवसभर हादरे, फळीवरची भांडी आपोआप कडेला सरकतात. दूध सांडलंय. शेजारची काकू विचारते, "मांजर कुठून पळाली?" मी लगेच खिडकी दाखवतो. तू साडीला टिकल्या चिकटवतेयस. मान वर न करता विचारतेस, "तू मांजर देखी का रे?" हो, काळी होती, मी म्हणतो. खरंच दिसत होती गं मला! तू खोटारडा म्हणाली नाहीस. रिकामं पातेलं फळीवर ठेवलंस आणि ते सरकत सरकत खाली पडेपर्यंत मला समोर बसवून ठेवलंस.

आता ती पोरगीच म्हणते, "माझ्यासाठी खोटं नको बोलू. भावानं घेतला असेल फोन." तिचाही विश्वास नाही! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "तू उद्या दुसऱ्याशी लग्न कर, तरी फोन नव्हता." सोमवारी पोलिसांत माझा जबाब आहे. सगळा नाका समोर उभा राहू दे, मी हेच सांगणार. पहिल्या दिवशी, कोणाचं काही कानावर पडायच्या आधी मी जे पाहिलं, तेच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते बरंच आहे. कारण आता डोळे मिटले की मलाही त्याच्या हातात फोन दिसतो, माय. निळ्या कव्हरचा. आणि निळं कव्हर तर तिच्या फोनला आहे.