नुसत्या पाण्यानं

सर, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत, ठाऊक आहे मला. पण तुम्ही जिवंत असताना माझी बोलायची हिंमत नव्हती, तेव्हा आता ऐका.

चिंचवडच्या कॉलेजातली आपली प्रयोगशाळा आठवते? पलीकडच्या औषध कंपनीचा आंबूस वास खिडकीतून आत यायचा आणि तुम्ही नाकाला रुमाल लावून शिकवायचात. दापोडीला आमच्या घरामागच्या नदीच्या पाण्यात मला तो एकपेशीय जीव सापडला होता. एरवी चिमुकल्या तोंडाचा, जिवाणू टिपत फिरणारा. पण दुसऱ्या जातीचे बारके एकपेशीय जीव शेजारी सोडले, की काही तासांत त्याचं अंग फुगायचं, तोंड पिशवीएवढं व्हायचं, आणि तो त्यांना अख्खे गिळायचा. तुमचं म्हणणं, भक्ष्याला शिवल्याशिवाय हा बदल होतच नाही. ते तुम्ही छापूनही आणलं होतंत. मला वाटायचं, शिवायला कशाला हवं? भक्ष्याच्या अंगातून पाण्यात काहीतरी उतरत असणार, आणि तेवढ्यानंच हा तोंड वासत असणार. म्हणून मी भक्ष्य वाढवलेलं पाणी बारीक गाळलं, त्यात एकही जीव उरला नाही हे पुन्हापुन्हा तपासलं आणि ते याच्या बशीत ओतलं. दुपारी बघते तर काय, ताटात काही नाही आणि सगळे आ करून बसलेले! मी एकटीच हसत सुटले होते.

पीएचडीची माझी नोंदणी त्या बशीवर अडली होती. विभागप्रमुख बघायला येणार होते. त्यांच्याआधी तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात, आणि तुमच्या तोंडून निसटलं, “अरे वा!” मी ऐकलं, सर. माझ्या कानांनी ऐकलं. तेवढ्यात प्रमुख आत आले. “काय, दिसतंय का काही?”

“छे हो,” तुम्ही उठत म्हणालात. “पाण्यात भक्ष्य राहून गेलंय. यांच्या चाळीत भांडी राखेनं घासतात, इथंही तसंच उरकलं असेल बाईंनी.”

दोघं हसलात. प्रमुखांनी वाकून बघितलंसुद्धा नाही. “सर, तुम्ही आत्ताच तर...” मी म्हटलं, तर तुम्ही माझ्याकडे न बघताच बोललात, “बशी धुऊन टाक.” आणि मी नळाखाली धरली. काय करणार होते? सही तुमची लागत होती, आणि ती तुम्ही कधीच केली नाहीत. लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?

पुढे राजगुरुनगरच्या शाळेत जन्मभर नववीला पेशी शिकवली. परदेशात हे कुणीतरी आधीच दाखवलं होतं, हेही खूप उशिरा कळलं. म्हणजे मी पहिली नव्हतेच. पण मला पहिली कुठं व्हायचं होतं? मला त्या खोलीत राहायचं होतं, एवढंच.

तुमच्या शोकसभेत जुनी विद्यार्थिनी म्हणून मला उभं केलं. सगळं ओकून टाकायचं ठरवून गेले होते. समोर तुमच्या पत्नी बसल्या होत्या. मी म्हणाले, “सरांनी मला बघायला शिकवलं.” त्यांनी माझा हात घट्ट धरला, लोकांनी डोळे पुसले.

हे पत्र कुठं टाकणार, ते राहील इथंच. पण एक कबूल करते. त्या दिवशी शोकसभेत मी खोटं बोलले नव्हते, सर. म्हणूनच तुम्हाला माफ करता येत नाही.