कामाला आणलीय

वडवणी,
१४ मे २०२५

चि. मोहनराव यास,

वनमालाआक्काचे आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. गुडघा दुखतो, बोअरला पाणी अर्धा तासच चालतं, अंगणवाडीला सुट्टी लागली. तुझ्या बायकोची, बायनाबाईची, तब्येत कशी आहे ते कळव, असं लिहिणार होते. पण कळवू नकोस.

कागदावर लिहिते आहे, कारण फोन केला की तू स्पीकर लावून चार माणसांत बसतोस आणि माझ्या बोलण्यावर तुझी माणसं हसतात. परवाही तसंच झालं. "आक्का, बरं झालं, पीडा गेली. आता भागवतला आपल्यातली पोरगी बघू. घाटनांदूरातच एक हाय. गोरी, नाकीडोळी नीट." मी फोन ठेवला, तुला वाटलं रेंज गेली. रेंज चांगली होती.

माझ्या फौजी लेकाची बायको जिवंत आहे, त्याला तीन वर्षांची मुलगी आहे, आणि तू त्याला पोरगी बघतोस?

तिचं नाव यालम. लग्नाला चार वर्षं झाली, तू ते एकदाही घेतलं नाहीस. तुझ्या तोंडी कायम 'ती चिनी'. भागवत अरुणाचलात ड्युटीवर होता, तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती, हे मी तुला दहादा सांगितलं. तू म्हणालास, "अरुणाचल काय आन् चीन काय, डोळे तर तसलेच हायेत." आणि त्याच संध्याकाळी स्टेजवर चढून अठरापगड जातींना सोबत घेण्याचं भाषण केलंस. मी पहिल्या रांगेत होते. टाळ्याही वाजवल्या.

भागवतची बदली सीमेवर झाली. तिथं कुटुंब नेता येत नाही, म्हणून दीड वर्षापूर्वी ती लेकीला घेऊन माझ्याकडं राहायला आली. गावानं तिला काय कमी छळलं? बाजारात बाया मला विचारायच्या, "कोणत्या दलालाकडून आणली?" पोरं मागून 'मोमो, मोमो' ओरडायची. शेजारची भामाबाई रोज सकाळी तिच्याकडून फुकट शुगर तपासून घ्यायची. सुई टोचायला बोट पुढं करताना काही वाटायचं नाही, पण चहा दिला की म्हणायची, "आज उपास हाय." आठवड्याचे सातही दिवस उपास. यालम मला हसून म्हणाली, "आई, भामाकाकू लई देवभोळ्या हायेत." सहा महिन्यांत ती आपल्यासारखं बोलायला शिकली होती. भाकरी मात्र शेवटपर्यंत गोल जमली नाही.

आता तुझ्या लेकीच्या, दीपमालाच्या, लग्नाचं लिहिते.

तू आधीच बजावलं होतंस, "तिला आणू नको. सोयरे मोठ्या घरचे हायेत, विचारलं तर काय सांगू?" मी तरी तिला आणलं. मोठं धाडस केलं असं मला वाटत होतं. मांडवात तू आम्हाला बघून तोंड फिरवलंस. बायनाबाईनं मला हाताला धरून सोयऱ्यांच्या बायकांत नेऊन बसवलं, आणि यालमला आचाऱ्यांच्या मागं खुर्ची टाकून दिली. महिनाभर मी सगळ्यांना इथपर्यंतच सांगत आले. मामानं अपमान केला, मामीनं मागं बसवलं. भागवतलाही एवढंच सांगितलं.

पण पुढं जे झालं ते तू बघितलंयस.

यालम लेकीला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली. "हिला भूक लागलीय." ती अजून 'आई' म्हणायची होती, तेवढ्यात दीपमालाच्या सासूनं, सावित्रीबाईंनी, विचारलं, "ही कोण वो?" तू समोरच उभा होतास. तू फक्त माझ्याकडं बघितलंस, बोलला काहीच नाहीस. तुला बोलावंच लागलं नाही. मीच म्हणाले, "नेपाळची हाय. कामाला आणलीय."

सावित्रीबाईंनी विचारलं, "लेकरू तिचंच का?" नातीचे डोळे आईसारखे. मी हो म्हणून मान हलवली.

यालमनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेकीला खाली बसवून हातात पुरी दिली. मी घेतलेली नवी साडी तिनं गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि खरकट्या ताटांच्या ढिगाशी जाऊन बसली. भांडी घासणारी बाई म्हणाली, "अगं, तू पाव्हणी ना?" ती म्हणाली, "न्हाई. कामाला हाय मी." दोन तास ती ताटं घासत होती. मी पंगतीत बसले होते. जिलबी वाढली, तीही खाल्ली.

तिसऱ्या दिवशी ती बीडला गेली. दवाखान्यात नोकरी लगेच मिळाली, खोली मिळेना. तिघांनी तोंड बघूनच नाही म्हटलं, चौथ्यानं मांस शिजवणार नाही असं लिहून घेतलं. भागवतचा फोन आला, "आई, यालम म्हणती मामा काहीच बोलले न्हाईत. मग कोण बोललं?" मी फोन कट केला. एवढ्या लांब, बर्फात उभा असलेला लेक, आणि त्याला मी उत्तर दिलं नाही.

रविवारी बीडला गेले. दार तिनंच उघडलं. मी म्हणाले, "यालम, माझं चुकलं." ती हिंदीत बोलली. माझ्याशी हिंदीत. "मुझे आपसे कुछ नहीं चाहिए. उनको सच बता दीजिए, बस." आतून नातीनं विचारलं, "कौन है मम्मा?"

"कोई नहीं," ती म्हणाली आणि दार लावलं.

काल भागवतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सुट्टीला मी बीडलाच उतरीन." वडवणीचं नावही काढलं नाही.

आज सकाळी सावित्रीबाईंना फोन केला. सांगितलं, लग्नात ताटं घासत होती ती माझी सून, आणि ते लेकरू माझी नात. मी खोटं बोलले, भावाच्या देखत बोलले. त्या म्हणाल्या, "आजून काय काय लपवलंय तुमी लोकांनी?" आणि फोन ठेवला. दीपमालाला तिथं ऐकून घ्यावं लागेल. त्या पोरीचं मला वाईट वाटतं, तुझं वाटत नाही.

तू म्हणशील, आक्कानं घर फोडलं. म्हण. घाटनांदूरच्या पोरीच्या बापाला आजच नाही सांग. आणि माझ्या दारात गाडी आणू नकोस. आणलीस, तर गाडीतून उतरणाऱ्या तुझ्या माणसांसमोर हे पत्र मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचीन, मांडवात मी बोलले त्या ओळीसकट.

तुला शोभणारी बहीण,
वनमाला