हात वर करशील तेव्हा

प्रिय ढमूताई,

हे पत्र संस्थेतल्या मावशी तुला वाचून दाखवतील. मावशी, 'ढमूताई' म्हणताना गाल जरा फुगवा, नाहीतर ती ऐकायचीच नाही.

घरी सगळं ठीक आहे. तुझी चाकाची खुर्ची गेल्यापासून पुढची खोली उगाच मोठी वाटते. आई अजून दुपारी तुझा रेडिओ लावते आणि बंद करायला विसरते. तुला तिथे का ठेवलं, हे कुणी नीट सांगितलं नसेल. न्हाणीघरातून तुला उचलताना माझ्या खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला, ऑपरेशन करून शिवावा लागला. आईची पाठ तर आधीच कामातून गेलेली. तुझ्या वजनाचा यात दोष नाही. ते माझ्याच हातांवर वाढलं, रोज थोडं थोडं. मला कधी जाणवलंच नाही.

आता फिजिओथेरपीच्या बाई खांद्यात सुया टोचतात. ड्राय नीडलिंग म्हणतात त्याला. सुईत औषध नसतं. आखडलेल्या स्नायूतली गाठ शोधून त्या बारीक सुई आत सरकवतात, आणि स्नायू आपला आपण उडतो, गळाला मासा लागावा तसा. मी दात-ओठ आवळून पडून राहतो. आई म्हणते, मी इतकी वर्षं टोचून बोलतेय, तेव्हा हा माणूस जागचा हलला नाही. सुयांनंतर एक-दोन दिवस हात बरा वर जातो. मग मी न्हाणीघरात बादली उचलून बघतो. अर्धी भरलेली उचलता येते. आईनं परवा पाहिलं. तिनं बादली घेतली आणि पाणी ओतून टाकलं.

गेल्या वेळी मी बाईंना विचारलं, अजून किती सुया टोचल्या की लेकीला घरी आणता येईल. त्यांनी आधी सगळ्या सुया काढल्या. मग म्हणाल्या, "काका, यानं दुखणं कमी होईल. शर्ट घालाल, फळीवरचा डबा काढाल. माणूस उचलायचा नाही. कधीच नाही." मी मान डोलावली आणि शर्ट उलटा घालून घरी आलो.

रविवारी आम्ही येतोय, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मी दारात दिसलो की तू नेहमीसारखे दोन्ही हात वर करशील. तेव्हा मी वाकणार नाही. बाबा रागावलाय असं समजू नकोस. मावशी, तिला गोष्ट उशिरा कळते, म्हणून आधी लिहिलं. एवढंच तिला रोज सांगत राहा. मी खुर्ची ओढून तुझ्या शेजारी बसेन, ढमू. तू हात खाली घेईपर्यंत दुसरं काही मला करता येणार नाही.

तुझाच,
बाबा