कात्रीवरची जकात

४ जून
चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.
अरे, तुझं खातं परदेशी कात्र्यांवरची जकात उठवतंय म्हणे! निम्म्या भावात त्या कात्र्या आल्या, तर माझ्या कारखान्यातल्या तीस बायांनी काय माशा मारायच्या? तू एवढा अधिकारी, अडव की! लहानपणी तुझी सगळी गणितं मी सोडवली, हे एक तू सोडव.
माया आहेच, थोडा उपयोगीही पड.
तुझी ताई

११ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
सख्ख्या बहिणीचा कारखाना म्हणून मी या निर्णयातून अंग काढून घेतलंय. रागावू नकोस, सुनावणीत तूच बोल. नवा धंदा बाहेरच्या मुरलेल्या धंद्यापुढे टिकत नाही, हात बसेपर्यंत त्याला आडोसा लागतो, म्हणून जकात. शिंप्याला कात्री थोडी महाग पडते, तो कुरकुरतो आणि विसरतो. कारखाना बुडाला तर तीस घरं मतदानापर्यंत विसरत नाहीत. त्यामुळे बसलेली जकात सहसा कुणी उठवत नाही. साहेब एवढंच विचारतील, आडोसा अजून किती दिवस?
आमची ही दिवसभर शिवते. ती म्हणते, ताईंची कात्री टोकाशी कापड चावते. मी नाही हं, ती म्हणते!
रागासकट आठवण ठेव.
तुझा ठोंब्या

२० जून
चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.
तुझ्या बायकोने माझं नाक कापलं रे! आम्ही प्रत्येक कात्री तपासतो, पण पात्याच्या मधोमध, जाड कापडावर. टोकाने कधी कापून बघितलंच नाही! माल खपत होता, कशाला बघतोय? आता ओली मलमल टोकाने कापतो. निम्म्या कात्र्या नापास. बाया चिडल्यात, मीही चिडलेय, पण काम जोरात चाललंय.
तिला सांग, रागावले नाही. म्हणजे रागावलेय, पण तिच्यावर नाही.
तुझी ताई

३ जुलै
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. सगळे कारखानदार कायमची जकात मागत होते. तू उठलीस आणि फक्त दोन वर्षं मागितलीस. वर म्हणालीस, शेवटची तारीख हुकमातच घाला, नाहीतर आम्ही पुन्हा सुस्तावू. साहेब बघतच राहिले! शेजारच्याने विचारलं, ही बाई कोण? मी गप्प बसायला हवं होतं, पण सांगून टाकलं, माझी ताई! ऊर भरून आला गं. दोन वर्षं मिळाली, तारखेसकट. तुझ्यासारखं धाडस मला जन्मात जमणार नाही.
अशीच माझे कान धरत राहा.
तुझा ठोंब्या

ता. क. तू पाठवलेली नवी कात्री हिने मलमलीवर टोकाने चालवून बघितली. आज बघतो तर तिची परदेशी कात्री स्वयंपाकघरात, दुधाच्या पिशव्या कापायला.