न विचारलेला कौल

म्हापसा,
३ फेब्रुवारी १९६९

ती. सौ. गंगाताईस,
सगुणचा सा. न. वि. वि.

हे पत्र आमोण्याच्या घरून नाही, म्हापशाच्या इस्पितळाच्या पायरीवरून लिहितो आहे. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. सुमनला विषमज्वर झाला आहे. ताप उतरत नाही, माणसं ओळखत नाही म्हणतात. म्हणतात असं लिहितो, कारण मला आत सोडत नाहीत. दारावरचा शिपाई विचारतो, तू तिचा कोण? काय सांगू? कॉलेज अर्धवट टाकून मामाच्या दुकानात बसणारा शेजारी? काल त्या शिपायाची कॉलर धरली, तर दोघांनी उचलून मला फाटकाबाहेर ठेवलं.

तिचे वडील कृष्णनाथबाब व्हरांड्यातून बघत होते. जत्रेत मी चारचौघांत सुमनला मागणी घातली आणि ते नाही म्हणाल्यावर आवाज चढवला, तेव्हापासून मी दिसलो की ते थुंकतात. काल थुंकलेसुद्धा नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ताई, एक काम कर. हळर्णच्या आपल्या सातेरीला कौल लाव. देवीच्या अंगावर पाकळ्या लावून भिकाजी गुरवाला विचारायला सांग, सुमन वाचेल की नाही. उजवी पडली तर वाचेल. डावी पडली तर मला कळवू नकोस. नाही, कळव. हे माहीत नसणं मला सोसत नाही. उलटटपाली लिही, पत्ता मागे दिला आहे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या खेपेला सगळा तिच्यासाठी खर्च कर.

तुझा
सगुण


हळर्ण,
६ फेब्रुवारी १९६९

चि. सगुणास गंगाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तशी चुलीवरचं खाली उतरवून देवळात निघाले. तुझे भावोजी म्हणाले, देवीकडे उलटटपाली उत्तर मागणारा मेव्हणा मलाच मिळायचा होता. म्हणाले, आणि माझ्याआधी चपला घालून वाटेला लागले.

भिकाजीने पाकळ्या ओल्या करून देवीला लावल्या. मला म्हणाला, सांग गो बाय, काय विचारू? मी त्या पाकळ्यांकडे बघितलं. म्हटलं, काढ त्या. कौल घ्यायचा नाही.

रागावशील, पण आधी ऐक. माझं पहिलं बाळ तापलं होतं, तेव्हा मी हाच कौल घेतला होता. तुला कधी सांगितलं नाही. उजवी पाकळी पडली. मी नाचत घरी आले. बाळ राहिलं नाही. मग मी देवीचं तोंड बघितलं नाही.

पुढे देवळाच्या साफसफाईची पाळी आमच्या घरावर आली. सासूबाई अंथरुणात, म्हणून मला जावं लागलं. केर काढता काढता देवीला तोंडाला येईल ते बोलले, अगदी तुझी बहीण शोभले. तिने उत्तर दिलं नाही. पण हाकललंही नाही. बोलून दमले, खांबाला टेकून बसले, आणि घरी येऊन पोटभर जेवले. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. दुःख होतं तेवढंच होतं रे, पण ते उचलायला आणखी कुणाचा तरी हात लागला होता.

तेव्हापासून तिला जगण्यामरण्याचं विचारत नाही. आज नुसतं गाऱ्हाणं घातलं, आई, सुमन तुझी. तिला सांभाळ, आणि आमच्या या वेड्या पिशाला शांत कर. भिकाजी आणि तुझे भावोजी दोघेही व्हय महाराजा म्हणाले. भावोजी जरा जोरातच म्हणाले.

तूही तेवढंच म्हणून बघ. शिपायाची कॉलर सोड. जेवत जा. माया पाठवते आहे, तिला तिकीट लागत नाही.

तुझी
ताई


म्हापसा,
८ फेब्रुवारी १९६९

ताई,

एवढंसं काम सांगितलं होतं. लावलेल्या पाकळ्या काढायला लावल्यास! बाळाचं वाचून मी रडलो, पण म्हणून माझ्या सुमनचं विचारायचंच नाही? गाऱ्हाण्याने ताप उतरतो का? यापुढे मला पत्र लिहू नकोस.

सगुण


म्हापसा,
१६ फेब्रुवारी १९६९

ती. सौ. गंगाताईस,
कान धरून सा. न. वि. वि.

ते कार्ड चुलीत घाल. भावोजींचं हसून झालं की घाल.

कार्ड पेटीत टाकून परत आलो, तेव्हा अंगात राग सोडून काही उरलं नव्हतं. इस्पितळाच्या भिंतीकडे तोंड करून देवीला बोलायला लागलो. खूप बोललो. ऊन कलायला लागलं तसं माझ्याजवळचं सगळं संपलं आणि तुझं वाक्य तेवढं राहिलं, आई, सुमन तुझी. म्हणणं जड गेलं, कारण आजवर मी तिला माझीच म्हणत आलो. पण म्हटलं. आणि खरं सांगतो ताई, ती वाचणार असं मला मुळीच वाटलं नाही. फक्त मुठी सुटल्या. तिथेच बाकावर झोप लागली.

हलवून उठवलं ते कृष्णनाथबाबांनी. म्हणाले, इथे घोरायला आलास काय? मी उलट बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांचे डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. मी विचारलं, जेवलात का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. बाजारातून पेज आणि तोराचं, कोवळ्या कैरीचं, लोणचं आणून दिलं. पहिला घोट घेतला आणि ते रडायला लागले. डॉक्टरांनी आशा सोडा म्हटलं नव्हतं, धरा असंही म्हटलं नव्हतं. मी समजूत घातली नाही, जवळ बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो, तिसऱ्याही. भला माणूस आहे गं. आणि मी त्यांना जत्रेत काय काय बोललो होतो!

परवा ताप उतरला. काल तिने आपणहून खायला मागितलं. ते सांगायला बाब धावत बाहेर आले आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेले. वाटेत बजावलं, नुसतं बघायचं, तोंड उघडायचं नाही. उघडणार कसं? ती उशीएवढीही उरलेली नाही. मी पायथ्याशी हात जोडून उभा राहिलो. तिला जोडले की सातेरीला, कोण जाणे. सुमनने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि वडिलांना हळूच विचारलं, हा इतका गप्प कसा, यालापण ताप आला की काय?

बाब हसले. मीही हसलो, आणि मग व्हरांड्यात जाऊन मोकळा रडलो.

मागणीचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. काढीन कधीतरी, हळू आवाजात. देवीच्या पायांवर माझ्या नावाने फुलं ठेव, आणि काही मागू नकोस.

तुझ्या मायेवरच तगलेला
सगुण