भाताच्या बांधीतली द्राक्षं

सर, या पुस्तकात माझ्या हातचं काय काय आहे ते आधी लिहितो. चारशे सोळा पानं निळ्या-काळ्या शाईनं, एकाही ओळीत खाडाखोड न करता, पुन्हा लिहून काढली. ऱ्हाईन नदी, व्हॉज पर्वत आणि त्यांच्या मधल्या द्राक्षमळ्यांचे नऊ नकाशे काढले, तेही शाळकरी पोरांसारखे गिरवून नाही, मोजून. मैद्याची खळ स्वतः शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलं. सोळा-सोळा पानांचे सव्वीस जुज सुईदोऱ्यानं शिवले, आठ दिवस शिकंज्यात दाबले, पुठ्ठ्यावर लाल कापड चढवलं. फक्त पाठीवरची पट्टी कोरी आहे. तिथं लेखकाचं नाव येतं. भंडाऱ्यात शेकडो पुस्तकांच्या पाठीवर मी नावं ठोकली आहेत, आणि या एका पुस्तकापाशी माझा हात वर्षभर थांबला आहे. तुमचं नाव ठोकू की माझं?

तुम्ही इतिहास शिकवत होता. आठवीत मी तुमच्या वर्गात चार महिने बसलो, मग बाप गेला आणि मी जिल्दसाजाच्या हाताखाली लागलो. पुढं स्वतःचं दुकान टाकलं. चौऱ्याहत्तर साली तुम्ही तुमचं हस्तलिखित बांधायला आणून दिलंत. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरचा अल्सेस प्रांत, त्याचा इतिहास आणि तिथली वाइन. ज्या माणसानं आयुष्यात कधी द्राक्षाची दारू हुंगली नाही, मोहफुलं वाळत घातलेली दिसली की जो नाकाला उपरणं लावून रस्ता बदलायचा, त्यानं तीनशे पानं वाइनवर लिहिली होती. तिची चव तुम्ही 'मधुर व किंचित आम्ल' अशी लिहिली होती. अकरा ठिकाणी तेच चार शब्द. मी मोजले.

तुमची मोठी चूक मात्र चवीची नव्हती. तुम्ही लिहिलं होतं की ऱ्हाईनच्या काठच्या सपाट जमिनीत बांध घालून, नदीचं पाणी सोडून तिथले लोक द्राक्षं पिकवतात. ते वाचून मी सुई खाली ठेवली. तुमचं घर सानगडीचं, तलावाखालची शेती, जन्मभर भाताची बांधी पाहिलेली. जे पिकतं ते पायात पाणी घेऊनच पिकतं, ही तुमची समजूत. अख्खा युरोप तुम्ही सानगडीच्या तलावाखाली नेऊन रोवला होता. माझ्याकडे रद्दीत आलेलं एक इंग्रजी मासिक होतं. शब्दकोश घेऊन सहा महिने खपून मी ते वाचलं होतं. मळे नदीकाठी नाहीतच, ते डोंगराच्या पूर्वेच्या उतारावर आहेत. पश्चिमेचा पाऊस व्हॉज पर्वत अडवतो, म्हणून तिथं कोरडं ऊन पडतं आणि द्राक्ष गोड होतं.

तुम्ही जिल्द न्यायला आलात तो दिवस मला आजही दिसतो. दुकानात हेडमास्तर बसले आहेत, आणखी दोन शिक्षक हजेरीपुस्तकांसाठी थांबले आहेत. मी हळूच म्हणतो, "सर, एक गोष्ट बोलू का? वेलीच्या पायाशी पाणी थांबलं तर वेल सडते."

तुमचं लिहिणं शुद्ध होतं, पण राग आला की तुम्ही आमच्यासारखंच बोलायचात. "तुले हे जिल्द बांधाले देलं होतं का वाचाले?"

"बांधता बांधता वाचलं, सर. माया आंगणात वेल लावली होती. खोलगट जागेत. पावसाळ्यात सडून गेली."

"काहून, तुया आंगणात फ्रान्स आहे का बे?" हेडमास्तर हसले तसे तुम्हाला जोर चढला. "उद्या शिंपी म्हणेल, साहेब, तुमचा कोट मी लग्नात घालून पाह्यला, बगलेत काचते. आपलं काम कर, बापू."

सगळे हसले. मी जिल्द कागदात गुंडाळून तुमच्या हातात दिली आणि त्याच हातानं आंगणात मुरमाचा ढीग घालून दुसरी वेल लावली. ती उंचावर होती. ती जगली.

तीन वर्षांनी तुम्ही गेलात. एकाही प्रकाशकानं तुम्हाला उत्तर दिलं नव्हतं. काकूंनी मला घरी बोलावलं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, पुढं चहा ठेवला आणि टॉवेलात बांधलेलं हस्तलिखित माझ्या मांडीवर ठेवलं. "घेऊन जा भाऊ. मले वाचता येत नाही, आन् पोराले वाचाचं नाही."

ते मी घरी आणलं आणि दहा वर्षं तुमच्या चुका काढत बसलो. निम्मं पुस्तक खरडून टाकावं लागलं. अल्सेसच्या लोकांना तुम्ही 'निष्ठाहीन' म्हटलं होतं, कारण पंचाहत्तर वर्षांत चारदा निशाण बदललं आणि ते प्रत्येक निशाणाखाली राहिले. राहतील नाही तर काय, वेली खांद्यावर टाकून पळतील? सिहोऱ्याहून माझी मोठी आत्या बावनथडी नदीपलीकडे दिली होती. लग्नात एकच राज्य होतं. छप्पन साली आम्ही मुंबई राज्यात आलो, ती मध्यप्रदेशात राहिली. लोकांनी चिडवलं की म्हणायची, "मी कोठं गेली बापू? मी तं चुलीपाशीच आहो. राज्यच उठून गेलं." ही आत्या तुमच्या वर्गात बसली असती तर तुमचं ते प्रकरण चुकण्यातून वाचलं असतं. जर्मनांनी त्यांची वाइन स्वस्त मालात मिसळायला वापरली, फ्रेंचांनी पुन्हा चांगल्या जाती लावायला लावल्या, लढायांनी मळे तुडवले. दर वेळी अल्सेसच्या लोकांनी नवी वेल रोवली आणि फळासाठी तीन-चार वर्षं वाट पाहिली. याला निष्ठा म्हणत नसतील तर कशाला म्हणतात, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही आधीच सुटलात.

फक्त दोनशे एकतिसावं पान तेवढं मला दुरुस्त करता आलं नाही. त्या पानावर एक म्हातारी उतारावर वेली छाटते आहे. खाली गावात कचेरीवरची पाटी बदलतात, ती मान वर करत नाही. छाटलेल्या टोकातून पाणी ठिबकतं, आणि लेकराचं नाक पुसावं तसं ती ते अंगठ्यानं पुसते. पहिल्या बांधणीत हे पान नव्हतं, मागून चिकटवलेलं होतं, तेही वाकडं. तुम्हाला हे ठिबकणं कुठं भेटलं असेल, याचा मी पुष्कळ शोध घेतला. त्या मासिकात ते नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकूंना नकाशे दाखवायला गेलो तेव्हा हे पान वाचून दाखवलं. त्या सुपारी कातरत ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे तं तुयाच आंगणातलं आहे. तू दुकानात राहाचा तवा ते दोनदा वेल पाहून आले. तुया मायनं तवाच छाटली होती. पाणी गळते, पाणी गळते, म्हणून घरी येऊन सांगत होते."

आईनंही कधी सांगितलं नाही. तुम्हीच सांगू नको म्हटलं असणार. चार माणसांत मला शिंपी केलंत, मग चोरासारखे माझ्या आंगणात जाऊन वाकून पाहिलंत. वेल उंचावर आहे आणि पायाशी पाणी नाही, हेही दिसलं असेलच. तरी घरी जाऊन बांधी आणि नदीचं पाणी तसंच ठेवलंत. एक ओळ खोडायची होती, सर. तेवढी हिंमत तुमच्यात नव्हती. माझ्या मनातून तुम्ही जे उतरलात ते त्या हसण्यामुळं नाही, त्या न खोडलेल्या ओळीमुळं.

ती ओळ मी पुस्तकात राहू दिली आहे. डाव्या पानावर तुमची बांधी, उजव्या पानावर माझा डोंगर. वाचणाऱ्याला कळायला हवं, कोण चुकलं आणि कोणी दाखवलं.

हे पत्र कुठं टाकणार? मागच्या पुठ्ठ्याच्या आत खळीनं चिकटवून वरून अस्तराचा कागद लावतो. आता शेवटचं. दोनशे एकतिसावं पान मी माझ्या शब्दांत सात वेळा लिहून पाहिलं. सातही कागद फाडले. गेल्या महिन्यात नागपूरचा एक प्रकाशक दुकानात येऊन बसला. म्हणाला, मास्तरांना कोण ओळखतं, त्यांचं नाव आणि ती चुकीची पानं काढा, जिल्दसाजानं लिहिलेलं पुस्तक म्हणून तुमच्या एकट्याच्या नावानं छापतो. मी नाही म्हटलं. पाच हजार रुपये देत होता.